आपल्या भागातल्या साध्या माणसांनी परदेशी भांडवल परत पाठवल्याचं एक तरी उदाहरण आहे का?

वैशालीनगर_इंदूर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मी इंदूरची, सुपर कॉरिडॉरवरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते. आमचा सातआठ जणांचा वाचनगट आहे, रविवारी राजेंद्रनगरात कुणाच्या तरी घरी जमतो. या वर्षी आम्ही वसाहतवाद आणि जागतिक भांडवलशाही हा विषय घेतलाय. मेक्सिकोतल्या चियापासचे आदिवासी १ जानेवारी १९९४ ला, मुक्त व्यापाराचा करार लागू झाला त्याच दिवशी उठले, ते वाचलं. १९९९ मध्ये सिएटलला जागतिक व्यापार संघटनेची बैठक लोकांनी उधळली, ते वाचलं. बोलिव्हियातल्या कोचाबांबा शहराने २००० साली पाण्याची खाजगी कंपनी हुसकून लावली, तेही वाचलं. वाचताना अंगावर काटा येतो.

मागच्या बैठकीत आमच्यातल्या एकाने विचारलं, "हे सगळं तिकडचं झालं. इथे काय?" त्याचे वडील हुकुमचंद मिलमध्ये होते. मिल १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांची थकलेली देणी मिळायला डिसेंबर २०२३ उजाडला. तो म्हणाला, बाबांच्या वेळी निदान मिलचं गेट होतं. गेटमीटिंग घेता यायची, मालक कुठे बसतो ते माहीत होतं. आता ज्याच्याशी भांडायचं त्याचं गेटच दिसत नाही.

आम्ही सगळे गप्प बसलो. तर विचारायचं हे की माळवा-निमाडात, म्हणजे आपल्या डोळ्यांसमोरच्या भागात, लोकांनी अशा मोठ्या परदेशी पैशाशी टक्कर दिली आणि तो पैसा परत गेला, असं कधी झालंय का? आणि आमच्यासारख्या नोकरदारांनी नेमकं काय करायचं? नुसतं वाचून आता भागत नाही असं मनापासून वाटतंय.

---

रामबागची_शिक्षिका

झालंय. आणि तुमच्यापासून शंभरेक किलोमीटरवर झालंय. तुम्ही तिथे साड्या घ्यायला गेला असाल, घाटावर फोटोही काढले असतील. महेश्वर.

मी शाळेत भूगोल शिकवायचे, आता निवृत्त आहे. १९९८ नंतरची दोनतीन वर्षं आम्ही इंदूरच्या काही बायका सुट्टीच्या दिवशी सकाळच्या बसने मंडलेश्वरला जायचो, नर्मदा बचाओ आंदोलनाच्या कामाला हातभार लावायला. त्यामुळे हे मी पुस्तकातून सांगत नाहीये.

मंडलेश्वरजवळ नर्मदेवर ४०० मेगावॅटचं महेश्वर धरण व्हायचं होतं. १९९० नंतर वीजक्षेत्र खाजगी भांडवलाला मोकळं झालं, आणि कापडाच्या धंद्यातल्या एस. कुमार्स समूहाकडे हा प्रकल्प गेला. ६१ गावांना त्याची झळ बसणार होती. निमाडची ती काळी जमीन बघितली आहे का तुम्ही? कपाशी, मिरची, गहू, सगळं येतं. आणि नदीकाठचे केवट आणि कहार! त्यांच्या नावावर सातबारा नाही, पण नदी उतरली की वाळूत टरबूज-काकडी लावतात, मासे धरतात, नाव चालवतात, वाळू काढतात. प्रकल्पाच्या कागदात या लोकांचा हिशेबच नव्हता. जमीन नाही म्हणजे नुकसान नाही, असं धरलेलं.

११ जानेवारी १९९८ ला हजारो माणसांनी धरणाची जागाच ताब्यात घेतली. बायका पुढे होत्या. पोलिसांचं कडं कुठे पातळ आहे ते बघून शेताशेतातून, अंधारात चालत गेल्या. तिथेच धरणं धरून बसले सगळे, आठवड्यांमागून आठवडे. शेवटी सरकारला काम थांबवून समिती नेमावी लागली. पुढे काम पुन्हा सुरू झालं, ते वेगळं.

आता तुमच्या मित्राच्या गेटबद्दल. नुसतं सिमेंटच्या ट्रकपुढे बसून हे थांबणार नाही, हे गावांना लवकर उमगलं. मग प्रश्न आला, याला पैसा देतंय कोण? आणि तिथून जे काम सुरू झालं ते मला आजही सगळ्यात मोलाचं वाटतं. भागभांडवलात जर्मनीच्या दोन वीजकंपन्या येणार होत्या, बायर्नवेर्क आणि व्हीईडब्ल्यू. यंत्रसामग्री सीमेन्सची. कर्ज देणार हायपोफेराइन्सबँक. आणि त्या कर्जाला जर्मन सरकारची हमी मागितलेली, तिला हर्मीस हमी म्हणतात. म्हणजे काय? इकडून पैसे बुडाले तर ते जर्मन सरकार भरणार. इथेच सगळी किल्ली होती. सरकारी हमी म्हटलं की तिकडच्या करदात्याचा पैसा आला, संसद आली, मंत्री आला, आणि त्याला जाब विचारणारा तिथला नागरिकही आला. कंपनी आपल्या कहार बाईला उत्तर देत नसेल, पण त्या मंत्र्याला स्वतःच्या मतदाराला द्यावं लागतं.

म्हणजे गेट होतं. बायर्नवेर्क, सीमेन्स आणि ती बँक, तिघांचीही मुख्यालयं म्यूनिकला होती. उर्गेवाल्ड नावाच्या जर्मन संघटनेने तिथे उभं राहून विचारायला सुरुवात केली आणि निमाडातून त्यांच्याकडे कागद जात राहिले. एप्रिल १९९९ मध्ये भोपाळला गावकऱ्यांचं धरणं आणि उपोषण चालू होतं. त्याच महिन्यात बायर्नवेर्क आणि व्हीईडब्ल्यूने अंग काढून घेतलं. मार्च २००० मध्ये क्लिंटन भारतात आले तेव्हा ऑग्डेन या अमेरिकन कंपनीचा या प्रकल्पात पैसा घालायचा करार झाला. वर्ष संपायच्या आत तीही बाहेर पडली. मधे जून २००० मध्ये जर्मन सरकारच्या विकास मंत्रालयाने पाठवलेलं पथक गावोगावी येऊन गेलं आणि त्यांनी अहवालात लिहिलं की पुनर्वसनाला लागणारी शेतजमीनच उपलब्ध नाही. त्यानंतर हर्मीस हमीचा अर्ज मागे घेतला गेला.

या पथकाला काय दाखवायचं, हे गावांकडे तयार होतं, कारण याद्या होत्या. कुणाची किती घरं, विहीर कुठली, आंब्याची-महुआची झाडं किती, नाव कुणाची, वाळूतला पट्टा कुणाचा. आम्ही इंदूरच्या बायकांनी केलं ते एवढंच: ओटीवर बसून विचारायचं, वहीत उतरवायचं, मग नीट अक्षरात पुन्हा लिहायचं. एका कहार आजीने मला झाडलं होतं, "लिख ले, मेरी डंगरबाड़ी भी लिख, साहब ने नहीं लिखी." डंगरबाड़ी म्हणजे वाळूतली टरबुजाची वाडी. ते वाक्य मी वहीच्या समासात लिहून ठेवलं.

अजून लिहायचंय, पण आधी बाकीच्यांचं ऐकते.

---

तिलकनगर_निवृत्त_अभियंता

ताई, तुमच्या कष्टांबद्दल आदर आहे. पण दुसरी बाजू मांडतो. त्याच वर्षांत मी वीज खात्यात होतो. मध्य प्रदेशात दिवसाचे कित्येक तास वीज नसायची. शेतकरी रात्री दोनला पंप चालू करायला उठायचा, त्याला साप चावायचा. ही वीज कुठून आणायची? राज्याच्या तिजोरीत पैसा नव्हता. जर्मन भांडवल आलं असतं तर काय बिघडलं असतं? आणि जे नळाचं नर्मदेचं पाणी आपण सगळे पितो, तेसुद्धा मोठ्या प्रकल्पातूनच आलंय. इंदूरच्या लोकांनी नर्मदेवरच्या प्रकल्पांना विरोध करावा हे मला पटत नाही.

---

रामबागची_शिक्षिका

तुमचा मुद्दा खरा आहे, साहेब, आणि मी टाळणार नाही. अंधारात पंप चालू करायला उठणारा तो शेतकरी आमच्या ओळखीचाही होता.

पण इंदूरचं पाणी येतं कुठून ते बघा. जलूदहून. मंडलेश्वरजवळच्या जलूद गावापाशी पंप बसवलेत, तिथून घाट चढून सत्तरेक किलोमीटर पाणी इंदूरला येतं. आणि महेश्वर धरणात सगळ्यात आधी ज्याला उठवायचं ठरलं ते गाव कुठलं? तेच, जलूद. आपल्या घरातल्या माठातलं पाणी ज्या गावाहून येतं, ते गाव आपल्याला न विचारता उठवलं जात होतं. मी तिथे जायला लागले त्याचं हे एक मोठं कारण होतं.

आणि हे पाणीसुद्धा कुणी आपण होऊन दिलेलं नाही. १९७० मध्ये इंदूरकर रस्त्यावर उतरले, अभ्यास मंडळाचे मुकुंद कुलकर्णी यांच्यासारखी माणसं त्यात होती, सगळ्या पक्षांचे लोक होते, तेव्हा योजना मंजूर झाली आणि १९७८ मध्ये पाणी आलं. मी तेव्हा शाळेत होते. ते आंदोलन योग्य आणि निमाडवाल्यांचं अयोग्य, असं कसं म्हणायचं?

वीज हवी होती, कबूल. पण कशा अटींवर? करारच असा होता की राज्याने वीज घेतली नाही तरी ठरलेले पैसे द्यायचेच. महाराष्ट्रात दाभोळला एन्रॉनच्या बाबतीत तेच घडलं. २००१ मध्ये वीज मंडळाने ती महागडी वीज घेणं थांबवलं. गुहागरच्या बायका तर त्याच्या कितीतरी आधीपासून लाठ्या खात होत्या. धोका कर्जदाराने घ्यायचा नाही, कंपनीनेही घ्यायचा नाही. तो सगळा वीज भरणाऱ्याने आणि बुडणाऱ्या गावाने घ्यायचा. इंग्रजांनी इथे रेल्वे घातली तेव्हा ब्रिटिश भागधारकांना पाच टक्के परताव्याची हमी होती, गाडी तोट्यात गेली तरी, आणि ते पैसे हिंदुस्थानच्या महसुलातून जायचे. मी हे वर्गात शिकवायचे. मंडलेश्वरला तो करार समजून घेताना मला तोच धडा पुन्हा दिसला. म्हणून मी वसाहतवाद संपला असं म्हणत नाही.

आता यातलं कटू आहे तेही सांगते, नाहीतर या मुलांना वाटेल सगळं जिंकलं. परदेशी पैसा गेला, पण मग आपल्याच सार्वजनिक वित्तसंस्थांचा पैसा त्यात आला. धरणाचं बांधकाम बरंचसं झालं. भिंत उभी आहे, वीज मात्र तयार झाली नाही. राज्य सरकारने वीजखरेदीचा करार २०२० मध्ये रद्द केला. तोवर वीस वर्षं त्या गावांनी काय काढलं? जमीन विकायला गेलं तर गिऱ्हाईक नाही, मुलीच्या सोयरिकीला आलेले पाहुणे आधी विचारायचे, गाव राहणार की जाणार? आणि हरसूद तर गेलंच. २८ सप्टेंबर १९८९ ला तिथे देशभरातून हजारो लोक जमले होते, बाबा आमटे आले होते, 'विकास चाहिए, विनाश नहीं' ही घोषणा तिथे घुमली. २००४ मध्ये नर्मदेवरच्याच इंदिरा सागर धरणासाठी ते अख्खं गाव रिकामं केलं, लोकांनी स्वतःच्या हातांनी स्वतःची घरं पाडली. ते मी पाहिलंय आणि त्याबद्दल मला अजून शांतपणे बोलता येत नाही.

---

इतिहास_वाचतो

थोडक्यात भर घालतो, कारण रेल्वेच्याही आधीची गोष्ट इंदूरचीच आहे. मालव्याची अफू. १८१८ च्या मंदसोर तहानंतर होळकरांच्या मुलखावर इंग्रजांचा वचक बसला, पण पीक संस्थानांच्या जमिनीत असल्याने बंगालसारखी मक्तेदारी ईस्ट इंडिया कंपनीला इथे जमेना. मग तिने वाट अडवली: मुंबईला माल न्यायचा तर प्रत्येक पेटीमागे परवान्याचे पैसे भरा. व्यापारी कराची आणि दमणच्या वाटेने माल काढायचे. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध घेतला, कराचीची वाट बंद झाली आणि परवान्याचा दर चढतच गेला. इंदूरला अफू तोलून शिक्के मारणारी कंपनीची कचेरी होती. माळव्यातला शेतकरी काय पेरणार ते चीनमधल्या बाजारावरून ठरत होतं. नंतर कापूस आला, तो लँकेशायरसाठी. आता सोयाबीन. त्याबद्दल कुणी शेती करणारे असतील तर त्यांनी लिहावं.

---

सांवेर_शिवार

मी करतो शेती. आमचं घराणं चार पिढ्या सांवेरकडे आहे, घरात मराठी, बांधावर माळवी.

सोयाबीनचं असं आहे की दाण्यातून तेल निघतं जेमतेम अठरा टक्के, बाकी ऐंशीच्या आसपास पेंड, मंडीत तिला डीओसी म्हणतात. भाव तेलापेक्षा पेंडीवर जास्त चालतो. आणि पेंड कोंबड्यांचं खाद्य म्हणून देशात आणि परदेशात जाते, त्यामुळे ब्राझील-अर्जेंटिनात पीक चांगलं आलं की छावनीच्या मंडीत आमचा भाव पडतो. ऑगस्ट २०२१ मध्ये इथे क्विंटलला दहा हजारांवर भाव गेला होता. आयुष्यात पहिल्यांदा. त्याच महिन्यात केंद्राने १२ लाख टन जीएम, म्हणजे जनुकं बदललेल्या बियाण्याची, सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. आमचा नवा माल निघेपर्यंत भाव कोसळलेला. जीएम सोयाबीन आम्हाला पेरायला बंदी, पण त्याची पेंड बाहेरून आणायला मोकळीक, हे मला आजही कुणी समजावून सांगितलेलं नाही.

२०२४ ला हमीभाव होता ४८९२ आणि मंडीत चार हजारांच्या आसपास बोली. तेव्हा गावागावांतून सहा हजारांची मागणी उठली. कुठल्या मोठ्या पुढाऱ्याने उठवली नव्हती. सप्टेंबरच्या सुरुवातीला प्रत्येक गावाने आपापल्या पंचायत सचिवाला निवेदन दिलं, बस. आमच्या गावात रात्री मंदिरापुढे बसून मजकूर लिहिला, सकाळी सह्या घेतल्या. काहींनी ट्रॅक्टर रॅल्या काढल्या. महिना अर्धा व्हायच्या आत हमीभावाने खरेदीला मंजुरी आली आणि कच्च्या खाद्यतेलावर केंद्राने २० टक्के आयातशुल्क लावलं. सहा हजार नाही मिळाले. आणि मे २०२५ मध्ये ते शुल्क पुन्हा १० टक्क्यांवर आणलं. म्हणजे पुढच्या वेळी निवेदन नुसतं भावाचं देऊन चालणार नाही, आयातशुल्काचंही द्यायला लागेल. गावात हे समजावून सांगायला माणसं हवीत. सरकारी अधिसूचना इंग्रजीत असतात, आमच्याकडे त्या व्हॉट्सॲपवर अर्ध्यामुर्ध्या येतात.

ताई, तुमच्या गटाला काम हवंय ना? हे काम आहे.

---

वैशालीनगर_इंदूर

काय लिहू कळत नाहीये. जलूदचं मला माहीतच नव्हतं, जन्मापासून ते पाणी पितेय.

दादा, अधिसूचनांचं आम्ही नक्की करू. गटातल्या दोघी रोज इंग्रजीतच करार आणि अटी वाचतात, नोकरीच ती आहे. शुल्क बदललं की त्याच दिवशी साध्या हिंदीत एक पानाचं करून तुम्हाला पाठवलं तर चालेल का?

मावशी, तुम्हाला एक विचारायचं होतं. पैसा कुठून येतो ते शोधायचं म्हणजे सुरुवात कुठून करायची? तुमच्या वेळी ते कुणीतरी जाणकार करत असतील, आम्हाला त्यातलं काही येत नाही.

---

सांवेर_शिवार

चालेल काय, धावेल. फक्त एक बघा, भाषा मंडीतली ठेवा. 'बेसिक कस्टम ड्यूटी' लिहिलं तरी समजतं, संस्कृत हिंदी लिहिली तर कुणी वाचत नाही. आणि पेरणीच्या आधी एकदा गावात या, पावसाळा लागला की रस्ता खराब होतो.

---

रामबागची_शिक्षिका

जाणकार होते, आंदोलनातले चित्तरूपा पालित आणि आलोक अग्रवाल यांच्यासारखे, आणि त्यांनी ते गावकऱ्यांना शिकवलंही. निमाडातला सातवी शिकलेला माणूस 'एस्क्रो' (देणी भागवायला वेगळं राखलेलं खातं) आणि 'काउंटर गॅरंटी' (हमीला दिलेली वरची हमी) असे शब्द वापरून अधिकाऱ्याशी बोलताना मी ऐकलाय. तुम्हाला तर सहज येईल.

सराव घरच्या कागदावर करा. फेब्रुवारी २०२३ मध्ये इंदूर महापालिकेने ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, काढले, २४४ कोटींचे, सामान्य लोकांकडून पैसे घेऊन. कशासाठी? जलूदलाच ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायला, म्हणजे पाणी वर चढवायचं वीजबिल कमी होईल. मला हा प्रकल्प वाईट वाटत नाही, उलट चांगलाच वाटतो. पण त्याचं माहितीपत्रक सगळ्यांना खुलं आहे, ते उघडा. कर्ज कुणी दिलं, व्याज किती, परतफेड पालिकेच्या कुठल्या उत्पन्नातून होणार, प्रकल्प अडला तर नुकसान कुणाच्या माथी, हे चार प्रश्न घेऊन पानापानावर उत्तर शोधा. जिथे उत्तर सापडणार नाही तिथे माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, दहा रुपये लागतात. एक असा कागद शेवटपर्यंत वाचलात की पुढचा परदेशी बँकेचा असला तरी घाबरायला होत नाही, रचना तीच असते.

आणि तुमच्या त्या मित्राला, मिलवाल्यांच्या मुलाला, मुद्दाम सोबत घ्या. ज्याच्या घरात तीस वर्षं देण्यांचा हिशेब चाललाय त्याला कुठल्या ओळीवर बोट ठेवायचं ते बरोबर कळतं.

रविवारी तुमची बैठक किती वाजता असते? मी रामबागेतून रिक्षाने येते, जुन्या वह्या माळ्यावरून काढून ठेवल्यात.